खोडरबर उलटा फिरवताना

फ्लेक्सच्या धंद्यात निम्मा दिवस कटिंगमध्ये जातो. वाढदिवसाचा बोर्ड असो, जत्रेतल्या कुस्त्यांचा असो की भावपूर्ण श्रद्धांजलीचा, गिऱ्हाईक मोबाइलमधला एक फोटो पुढं करतं. त्यातला माणूस मागच्या भिंतीपासून, शेजारी खेटून उभ्या असलेल्या मेहुण्यापासून, कधी मोटारसायकलच्या आरशापासून सोडवून घ्यायचा आणि नव्या पार्श्वभूमीवर बसवायचा, याला आम्ही कटिंग म्हणतो. कराडात माझं डीटीपी आणि डिझाइनचं छोटं दुकान आहे. तिथं काम शिकायला मुलंमुली येतात, आणि त्यांना खोडायला शिकवायच्या आधी मी खोडलेलं परत आणायला शिकवते. क्रम मुद्दाम उलटा ठेवते, कारण कटिंगमध्ये बिघाड होतो तो नेहमी सारखाच: कडेनं इरेजर फिरवता फिरवता कान उडतो, पदराची किनार जाते, आजोबांच्या फेट्याचा तुरा अर्धा होतो, आणि ते लक्षात येईपर्यंत पुढची बरीच कामं झालेली असतात.

शिकवायला मी गिंप वापरते. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळं मुलं घरच्या जुन्या संगणकावरही ते टाकू शकतात. फोटो उघडायचा, इरेजर घ्यायचा आणि चेहऱ्याचा एक कान खोडून टाकायचा. त्या जागी करड्या चौकड्या दिसायला लागतात, म्हणजे तिथं आता आरपार झालं. मग मी त्यांना अनडूची यादीच रिकामी करायला लावते. गिंपमध्ये त्यासाठी बटण आहे. आता मागं जायचा रस्ता बंद झाला, असं सगळ्यांना वाटतं. त्यानंतर इरेजरच्या पर्यायांमधल्या 'अँटी इरेज'वर खूण करायची, किंवा नुसती ऑल्ट कळ दाबून धरायची, आणि तोच इरेजर त्याच रिकाम्या जागेवरून फिरवायचा. कान परत येतो. पाळीपासून वरच्या वळणापर्यंत, ब्रश जाईल तितका उमटत येतो, आणि नुसता येत नाही, त्यातली बाळीसुद्धा येते. पहिल्यांदा पाहणारं प्रत्येक पोर विचारतं, "मॅडम, हे होतं कुठं?"

ते कुठंच गेलेलं नव्हतं. आपण पडद्यावर जे चित्र बघतो ते बारीक ठिपक्यांचं असतं, म्हणजे पिक्सेलचं. साध्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात हे आकडे 0 ते 255 मधले. चित्र आरपार करता यावं म्हणून त्यांच्या जोडीला चौथा आकडा येतो, अल्फा. तो रंग सांगत नाही, तो रंग किती दिसू द्यायचा ते सांगतो. 255 म्हणजे पूर्ण दिसणार, 0 म्हणजे अजिबात नाही, मधले आकडे म्हणजे मागचं थोडं थोडं झिरपत येणार. गिंपचा इरेजर यातल्या फक्त चौथ्या आकड्याला हात लावतो. कानाचा रंग सांगणारे तीन आकडे जागच्या जागी असतात, चौथा तेवढा शून्यावर येतो. अँटी इरेज हा चौथा आकडा पुन्हा वर चढवतं, बस्स. नवं काही रंगवत नाही, कुठून आणत नाही. कट करून उडवलेल्या भागालाही हेच लागू आहे, कारण गिंप तिथंही फक्त अल्फा पुसतो.

इरेजरचा ब्रश मऊ असेल किंवा त्याची अपॅसिटी कमी ठेवली असेल, तर एका फटक्यात चौथा आकडा शून्यावर जात नाही, 180 किंवा 90 वर थांबतो. केसांच्या कडा, ओढणीचं जाळीदार कापड, चष्म्याची काच ही सगळी या मधल्या आकड्यांची कामं. उलट फिरवतानाही तोच हिशोब, मऊ ब्रशनं हलकेच परत आणायचं. चांगला कटिंग करणारा माणूस इरेजर आणि ऑल्ट कळ यांच्यात सारखा ये-जा करत असतो. थोडं जास्त खोडतो, थोडं परत आणतो, आणि कड त्या ये-जा करण्यातून बसते.

रंग आणि दिसणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, ही कल्पना आता फार साधी वाटते. पण ती कुणालातरी सुचावी लागली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ संगणकावर चित्रं काढत होते. तेव्हा एखादी वस्तू रेखाटायला यंत्राला फार वेळ लागायचा. तीच वस्तू वेगळ्या पार्श्वभूमीवर हवी असेल, तर कडा नीट बसाव्यात म्हणून सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागायची. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की वस्तूचं चित्र साठवतानाच, प्रत्येक ठिपका वस्तूनं किती व्यापला आहे, हेही त्याच्या सोबत साठवायचं. मग पार्श्वभूमी कुठलीही आणा, वस्तू पुन्हा रेखाटायची गरज नाही. हाच तो चौथा आकडा. पुढं 1984 मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर कसे चढवायचे, याचं नीट गणित मांडलं, आणि आज फोटोशॉपपासून मोबाइलच्या स्टिकरपर्यंत सगळीकडं त्याच गणिताच्या आधारानं काम चालतं. या चौघांना 1996 मध्ये ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारानं गौरवलं गेलं. माझ्या दुकानात भिंतीवर कुणाची तसबीर लावायची झाली, तर मी या चौघांची लावीन.

संगणकाआधीच्या काळात माझे वडील पुण्याला नारायण पेठेत एका प्रोसेस स्टुडिओत रीटचर होते. छापखान्यासाठी मोठ्या कॅमेऱ्यावर निगेटिव्ह काढली जायची, आणि ती लाइट टेबलावर ठेवून त्यातले डाग, नको असलेल्या जागा, चेहऱ्यामागचा पसारा झाकायचं काम त्यांच्याकडं असायचं. झाकायला ओपेक नावाचा लालसर दाट रंग असे. बारीक ब्रशनं तो निगेटिव्हवर लावला की तिथून उजेड जात नाही, म्हणजे तो भाग छपाईत येत नाही. चुकून नाकाच्या शेंड्यावर ओपेक गेला, तर ओल्या कापसानं पुसायचा, खालची निगेटिव्ह जशीच्या तशी. दुसरं हत्यार पातं. पात्यानं निगेटिव्हवरचा मसाला खरवडून काढायचा. काही कामं पात्याशिवाय होत नसत, पण तिथं माघार नव्हती. खरवडलेलं गेलं ते गेलंच. मोठ्या जागा झाकायला तांबडी पारदर्शक फिल्म यायची, रुबीलिथ. तिचा वरचा लाल पापुद्रा पात्यानं कापून हवा तिथं सोलायचा. छपाईच्या फिल्मला आणि प्लेटला लाल रंग काळ्यासारखाच, त्यातून काही उमटत नाही. कारागिराला मात्र लालमधून खालचं सगळं दिसतं. फोटोशॉपमध्ये क्विक मास्क चालू केल्यावर झाकलेला भाग फिकट लाल दिसतो, तो रंग या रुबीलिथवरूनच आलेला आहे. वडिलांना मी तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

संगणकावर बसल्यावर माझ्या डोक्यात तीच विभागणी असते. हातातलं हत्यार ओपेक आहे की पातं, हे काम सुरू करण्यापूर्वी माहीत हवं. घोटाळा असा की पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. एकच इरेजर एका फाइलीत ओपेकसारखा वागतो आणि दुसऱ्या फाइलीत पात्यासारखा.

मोबाइलवरून आलेला फोटो बहुतेक वेळा जेपेग असतो. जेपेगमध्ये चौथ्या आकड्याची सोयच नाही. असा फोटो उघडून थेट इरेजर फिरवला, तर गिंपजवळ आरपार करायला अल्फाच नसतो, म्हणून तो त्या जागी पार्श्वभूमीचा रंग, सहसा पांढरा, चक्क रंगवून टाकतो. चौकड्यांऐवजी पांढरं दिसलं की समजायचं, हातात पातं आहे. तिथं अँटी इरेज काही करू शकत नाही, कारण कानाचे तीन आकडे पुसून त्या जागी पांढऱ्याचे आकडे बसलेले असतात. म्हणून कटिंगच्या आधी लेयर मेनूतल्या ट्रान्सपरन्सीत जाऊन 'ॲड अल्फा चॅनल' करायचं. गिंपच्या 2.10 मध्ये लेयरचं नाव ठळक अक्षरात दिसत असेल, तर त्याला अल्फा नाही, असं ओळखायचं. रोजचंच काम असेल तर प्रेफरन्सेसमध्ये, चित्र आत घेतानाच अल्फा जोडायची खूण करून ठेवता येते. माझ्या दुकानातल्या प्रत्येक संगणकावर ती केलेली आहे.

अल्फा असूनही रंग जाण्याच्या वाटा आहेत. खोडलेल्या जागेवर दुसऱ्या ब्रशनं रंगवलं, तर खालचे आकडे बदलले. फाइल पीएनजी म्हणून बाहेर काढताना गिंप विचारतो की आरपार पिक्सेलांचे रंग जपायचे का. तिथली खूण काढली तर न दिसणारे रंग फाइलीत जात नाहीत. खूण ठेवली तरी चित्रात एकापेक्षा जास्त लेयर असतील, तर ते एकत्र होताना हे रंग टिकत नाहीत. वेबपी या प्रकारात तर फाइल लहान व्हावी म्हणून न दिसणारे रंग मुळातच बदलले जातात, आणि ते हवे असतील तर नेमकं तसं सांगावं लागतं. एका दृष्टीनं हे योग्यच आहे. जे कुणाला दिसणार नाही त्याचं ओझं वेबसाइटनं का वाहावं? फक्त आपण ते ओझं कुठं टाकून दिलं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

याच्याही तळाशी एक गणित आहे, आणि ते मला इतकं आवडतं की मुलांना फळ्यावर करून दाखवल्याशिवाय राहवत नाही. पोर्टर आणि डफ यांनी सुचवलं की रंगाचे आकडे अल्फानं आधीच गुणून ठेवावेत, म्हणजे थर चढवताना यंत्राचं काम हलकं होतं. चित्रपटांच्या आणि खेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच रीत सर्रास आहे. आता एका पिक्सेलचा लाल 200 आहे आणि अल्फा 255 पैकी 3, म्हणजे जवळजवळ पुसलेलाच. गुणाकार करून साठवला तर 2.35 येतो, पूर्णांकात 2 उरतो. परत आणताना उलटा भागाकार केला की 170 येतो. 200 चा लाल 170 झाला. आणि अल्फा शून्य असेल तर गुणाकार शून्य, मग मूळ रंग 200 होता की 20, हे कुठल्याही भागाकारानं कळणार नाही. पीएनजीमध्ये रंग न गुणता, वेगळे साठवले जातात. म्हणून पीएनजी पुसलेलं जपू शकतं.

पीएनजीचा जन्मही आठवणीत ठेवण्यासारखा. त्याआधी इंटरनेटवर आरपार चित्र म्हणजे जीआयएफ, आणि त्यात एकच रंग आरपार म्हणून निवडता यायचा. ठिपका एक तर पूर्ण दिसणार किंवा पूर्ण जाणार, मधलं काही नाही, म्हणून बोधचिन्हांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसत. 1994 च्या डिसेंबर महिन्यात, जीआयएफमध्ये चित्र दाबून बसवायची जी पद्धत वापरतात तिच्या पेटंटपोटी पैसे द्यावे लागतील, असं जाहीर झालं. त्यावर इंटरनेटवरच्या काही मंडळींनी जानेवारी 1995 मध्ये थॉमस बाउटेल यांच्या पहिल्या मसुद्यापासून कामाला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर 1996 मध्ये पीएनजीचं पहिलं प्रमाण जाहीर झालं. सगळ्यांसाठी मोकळं, कुणाचं पेटंट नाही, आणि अल्फाच्या 256 पायऱ्या असलेलं. आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक 'पीएनजी द्या' म्हणतं तेव्हा ते खरं तर 'मागचं काढून द्या' असं म्हणत असतं. एका फाइलीच्या प्रकारानं लोकांच्या बोलण्यात इतकी जागा मिळवली, यात त्या मंडळींच्या मेहनतीचं मोल आहे.

फोटोशॉप वापरणाऱ्यांना गिंपची ही सोय तशीच्या तशी मिळत नाही. तिथं इरेजरला 'इरेज टू हिस्टरी' असा पर्याय आहे, आणि तोही ऑल्ट कळीनं चालू होतो. पण तो वेगळ्या ठिकाणाहून माल आणतो. अल्फा वर चढवत नाही, तर हिस्टरी पॅनेलमध्ये खूण केलेल्या जुन्या अवस्थेतून चित्र उचलून त्या जागी रंगवतो. हिस्टरी फाइल बंद केली की संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडून काल उडवलेला कान तिथून मिळत नाही.

म्हणून दोन्हीकडं माझा आग्रह मास्कचा असतो. लेयरला मास्क जोडायचा आणि इरेजर बाजूला ठेवायचा. मास्क म्हणजे लेयरला चिकटलेलं वेगळं काळंपांढरं चित्र. काळ्यानं रंगवाल तिथं लेयर झाकला जातो, पांढऱ्यानं रंगवाल तिथं उघडतो, करड्यानं अर्धवट. खालच्या फोटोला ब्रश शिवतच नाही. एक्स कळ दाबली की काळा आणि पांढरा जागा बदलतात, म्हणजे खोडणं आणि परत आणणं एकाच बोटावर येतं. मास्क फाइलीसोबत साठवला जातो, त्यामुळं लग्नाच्या अल्बममधलं नवरदेवाचं कटिंग बारशाच्या पत्रिकेच्या वेळी पुन्हा उघडून सुधारता येतं. वडिलांचा ओपेक तो हाच. नवीन मुलांना सुरुवातीला मास्क कंटाळवाणा वाटतो, कारण लेयर निवडलाय की मास्क, याकडं सारखं लक्ष ठेवावं लागतं. मी त्यांना सवय लागेपर्यंत सोडत नाही. गिंपचा अँटी इरेज हा सुंदर आधार आहे, पण गिऱ्हाइकाचं काम आधारावर टांगून ठेवायचं नसतं.

एक गोष्ट अजून सांगितली पाहिजे, ती कडेच्या रंगाची. आमराईत काढलेल्या फोटोतून कापलेला माणूस भगव्या पार्श्वभूमीवर ठेवला की केसांभोवती हिरवी झाक राहते. आपण त्या ठिपक्यांचा अल्फा अर्धा केला, पण त्यांचे तीन आकडे अजून पानांचा हिरवा सांगताहेत. अल्फा कितीही नीट बसवला तरी ही झाक जात नाही, कारण दुखणं रंगात आहे. तिथं कडेच्या ठिपक्यांवर आतल्या केसांचा रंग चढवावा लागतो. 'कडा बारीक कर' असं गिऱ्हाईक सांगतं, कडा बारीक केली की केस जातात आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं. रंग आणि दिसणं वेगळं आहे, हे ज्या मुलाला कळलं त्याला हा उपाय आपोआप सुचतो.

आता उलट बाजू. पुष्कळदा आमच्याकडं येतं ते आधीच सपाट झालेलं चित्र. संस्थेचं बोधचिन्ह कधीकाळी कुणीतरी छान आरपार केलेलं असतं, मग ते मोबाइलवर 'फोटो' म्हणून पाठवलं जातं, वाटेत त्याचं जेपेग होतं आणि मागं पांढरं किंवा काळं भरलं जातं. असं काही पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे मी काउंटरवर रोज सांगते. काही जण तर इंटरनेटवरून असं चित्र उतरवून आणतात की त्यात चौकड्याच छापलेल्या असतात. तो आरपारपणा नव्हे, चौकड्यांचा फोटो आहे.

सपाट झालेल्यातून आरपारपणा परत मिळवता येतो का? पांढऱ्या कागदावर काळी किंवा निळी शाई असेल, म्हणजे सही, शिक्का, हातानं काढलेलं रेखाचित्र, तर गिंपमधला 'कलर टू अल्फा' हा अप्रतिम आहे. पांढरा रंग सांगायचा, आणि तो प्रत्येक ठिपक्यातला पांढऱ्याचा वाटा काढून त्याचं आरपारपणात रूपांतर करतो. खाली पुन्हा पांढरा थर ठेवला तर मूळ चित्र जसंच्या तसं दिसतं. सरपंचांच्या सहीची शाई जिथं फिकट झाली आहे तिथं ती फिकटच राहते, कुठं तुटत नाही. मात्र इथं रंगाचेही आकडे बदलतात, म्हणून यानंतर अँटी इरेज चालवून जुना कागद परत मिळेल, असं समजू नये.

रंगीत बोधचिन्ह आणि त्याची मऊ सावली एकाच पार्श्वभूमीवर सपाट झाली असेल, तर प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे आपल्याला दिसतात आणि शोधायचे असतात चार. तीन समीकरणांतून चार अज्ञात सुटत नाहीत. फिकट गुलाबी ठिपका हा मुळात गुलाबी होता की पांढऱ्यावरचा अर्धवट लाल, हे त्या एका चित्रातून ठरवता येत नाही. मोबाइलमधलं बोट दाबून धरलं की माणूस कापून देणारं तंत्र इथं अंदाज करतं. लाखो चित्रं बघून केलेला अंदाज असल्यामुळं तो बऱ्याचदा छान बसतो, पण तो अंदाजच.

दोन पार्श्वभूमींवरचं तेच चित्र मिळालं, तर मात्र अंदाजाची गरज उरत नाही. ॲल्वी रे स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी 1996 मध्ये हे गणितानं मांडलं. आमच्याकडं एका पतसंस्थेचं काम आलं होतं. मूळ फाइल कुणाकडं नव्हती, डिझायनर कधीच गाव सोडून गेला होता, पण संस्थेच्या जुन्या सीडीत बोधचिन्ह दोन ठिकाणी सापडलं, पत्राच्या पांढऱ्या डोक्यावर आणि डायरीच्या काळ्या कव्हरवर, एकाच मापाचं. एका ठिपक्याचा लाल पांढऱ्यावर 222 होता आणि काळ्यावर 120. फरक 102. आरपार नसलेला ठिपका दोन्हीकडं सारखाच दिसला असता, फरक शून्य आला असता. पूर्ण आरपार असता तर फरक 255 आला असता, म्हणजे नुसती पार्श्वभूमीच दिसली असती. 102 म्हणजे 255 च्या 40 टक्के, तेवढा तो आरपार. उरलेला 60 टक्के ठाशीव. काळ्यावर पार्श्वभूमी काहीच भर घालत नाही, म्हणून 120 ला 0.6 नं भागलं की मूळ लाल 200. रंग मिळाला आणि अल्फाही मिळाला. प्रत्यक्षात ठिपक्यागणिक बसावं लागत नाही. दोन्ही चित्रं तंतोतंत एकावर एक ठेवायची, वरच्याला 'डिफरन्स' मोड द्यायचा, आलेलं चित्र उलटं करून मास्क म्हणून लावायचं, आणि काळ्यावरच्या रंगाला त्या मास्कनं भागायचं. बोधचिन्हाच्या खालची धुरकट सावली पूर्ण आली. जेपेगनं टाकलेला थोडा कचरा कडेला होता, तो हातानं साफ केला.

खोडलेलं टिकतं याचा जितका आनंद, तितकीच त्याची काळजीही घ्यायला हवी. लोक आधार कार्डाची, सातबाऱ्याची, बँक पासबुकाची चित्रं एकमेकांना पाठवतात आणि त्यातला नंबर इरेजरनं उडवतात. तो नंबर आरपार झाला, गेला नाही. आरपार पिक्सेलांचे रंग जपून पीएनजी काढलं असेल, तर समोरचा माणूस गिंप उघडून ऑल्ट कळीवर तो परत आणू शकतो. मोबाइलमधल्या मार्करनं काळं फासणं हेही भरवशाचं नाही, कारण पुष्कळ मार्कर अर्धे आरपार असतात आणि उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. कापून काढलेल्या भागाचंही असंच. वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलीतच राहतो. चित्र कॉम्प्रेस करताना 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' निवडलं तरच तो जातो. 2023 च्या मार्चमध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी दाखवून दिलं की गुगलच्या पिक्सेल फोनवर क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटच्या पीएनजी फाइलीत जुन्या चित्राचं शेपूट राहत होतं. नवी लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलीवर लिहिली जायची, पण उरलेला भाग छाटला जात नव्हता. त्या शेपटातून कापलेल्या चित्राचा बराच भाग परत उभा करता येत होता. ही चूक नंतर दुरुस्त झाली, पण त्याआधी लोकांनी पाठवलेली चित्रं जिथं आहेत तिथं तशीच आहेत.

आधारसाठी तर सोपी वाट आहे. यूआयडीएआयच्या वेबसाइटवर मास्क केलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बाकी कागदांसाठी दुकानात आम्ही असं करतो: झाकायच्या जागी पूर्ण ठाशीव रंगाची चौकट रंगवायची, सगळे लेयर एकत्र सपाट करायचे, अल्फा काढून टाकायचा आणि नव्या नावानं जेपेग काढायचं. मग तीच बाहेर काढलेली फाइल वेगळ्या संगणकावर उघडून उजेड वाढवून बघायची. चौकटीत काही उमटलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवायची, आणि मूळ स्कॅन त्याच्यासमोर आमच्या संगणकावरून काढून टाकायचा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.